एकटं राहत असल्याचा दाखला

तळघरवाल्यांनी परीक्षेसाठी स्वतःचं घर निवडलं, कारण त्यांच्या घरी कोणी येत नसे. उमेदवाराने बंद खोलीत एकट्याने बसावं अशी परीक्षा मंडळाची अट होती. बाकीच्या उमेदवारांना त्यासाठी बायकामुलांना बाहेर काढावं लागलं असेल, पाहुण्यांना थोपवावं लागलं असेल. तळघरवाल्यांना फक्त दार लोटून घ्यायचं होतं. एखाद्या गोष्टीत आपण चार लोकांच्या पुढे आहोत, असं त्यांना बऱ्याच वर्षांनी वाटलं.

तळघरवाले हे त्यांचं खरं नाव नव्हे. बस कंपनीच्या मुख्य कचेरीच्या तळघरात सर्व्हरची खोली होती आणि तिथे ते एकवीस वर्षं बसत होते. गाड्यांची वेळापत्रकं, तिकिटं, ड्रायव्हरांच्या पाळ्या, सगळा कारभार त्या खोलीतून चालायचा. काही बंद पडलं की वरच्या चार मजल्यांवर "तळघरवाल्यांना सांगा" असा गलका व्हायचा. सगळं सुरळीत असलं की त्यांची कोणाला आठवण नसे, आणि ते कामात हुशार असल्यामुळे बहुतेक दिवस सगळं सुरळीतच असायचं. म्हणजे हुशारीपायीच त्यांच्याशी बोलायला कोणी येत नव्हतं, पण सांगणार कोणाला?

मग नवे साहेब आले. त्यांनी पत्र पाठवलं, की एकाच यंत्रातले अनेक व्हर्च्युअल सर्व्हर सांभाळता येतात असं मंडळाचं प्रमाणपत्र महिनाअखेरपर्यंत आणा. नाही मिळालं तर सर्व्हरची खोली बाहेरच्या कंपनीकडे जाईल आणि तुमची बदली टायरच्या गोदामात होईल. तळघरवाल्यांना टायरच्या धुळीची भीती नव्हती. पण सर्व्हरशी बोललं तर तो निदान दिवा लुकलुकवतो. टायर काय करणार?

होय, ते सर्व्हरशी बोलत. कचेरीत बोलत आणि घरीही बोलत. घरी त्यांनी सरावासाठी एक जुना दणकट कॉम्प्युटर ठेवला होता आणि त्या एकाच्या पोटात सहा व्हर्च्युअल सर्व्हर नांदवले होते. उठायला वेळ लावणारीचं नाव मावशी. कितीही मेमरी द्या, आणखी मागणारे ते जावईबापू. एकावरून दुसरा उतरवलेले जुळे, एक आजोबा आणि एक धाकटी. रोज कचेरीतून आल्यावर तळघरवाले मुद्दाम कशात तरी बिघाड करून ठेवत आणि मग सगळ्यांना रागवत, चुचकारत तो शोधून काढत. विचार करायची त्यांना तीच एक रीत ठाऊक होती.

रविवारी सकाळी दहाला कॉम्प्युटरमधून आवाज आला. "मी निरीक्षक. कॅमेरा खोलीभर फिरवा." चेहरा दिसत नव्हता. आवाज तरुण नव्हता, म्हाताराही नव्हता. फार वेळ कोणाशी न बोललेल्या माणसाचा असतो तसा तो जरा गंजलेला होता.

तळघरवाल्यांनी कॅमेरा फिरवला. पलंगाखाली दाखवलं, दाराआड दाखवलं, कपाट उघडून दाखवलं.

"घरात आणखी कोणी आहे?"

"नाही."

"परीक्षा चालू असताना कोणी येण्याची शक्यता?"

"नाही."

"नक्की?"

"अकरा वर्षांचा अनुभव आहे."

मग निरीक्षकाने नियम वाचून दाखवला. परीक्षेत बोलायचं नाही. तीन वेळा समज देण्यात येईल आणि मग परीक्षा रद्द होईल. तळघरवाल्यांनी मान डोलावली. बोलायचं नाही यात काय मोठंसं, आपण बोलतो तरी कोणाशी, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

पहिल्या प्रश्नातला सर्व्हर काही केल्या सुरू होईना. तळघरवाल्यांनी खूण ओळखली. कोणीतरी त्याला जुनी सीडी जोडून ठेवली होती आणि तो आपल्या डिस्कऐवजी त्या सीडीवरूनच जागा व्हायला बघत होता. त्यांच्या मावशीची हीच खोड होती.

"मावशी, ऊठ," ते पुटपुटले. "पोटात काय घेऊन झोपलीस ते काढ आधी."

"उमेदवार," निरीक्षक म्हणाला, "आपण कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही."

"पहिली समज."

दुसऱ्या प्रश्नात एका सर्व्हरने सगळी मेमरी बळकावली होती आणि बाकीचे उपाशी होते. तळघरवाल्यांनी ओठ घट्ट मिटले. त्यांनी आकडे पाहिले, तक्ते पाहिले, आणि आकडेच इतके निर्लज्ज होते की शेवटी त्यांना राहवलं नाही. "जावईबापू, किती खाल? बाकीच्यांना काही ठेवाल की नाही? चार जीबीत भागवा."

"दुसरी समज! खोलीत जावई आहेत?"

"अहो, मला मुलगीच नाही!"

हे उत्तर खरं होतं, पण निरीक्षकाचा संशय त्याने आणखी बळावला. तिसऱ्या प्रश्नात एकावरून दुसरा उतरवलेले दोन सर्व्हर एकाच पत्त्यावर हक्क सांगत होते. तळघरवाले तोंडावर हात धरून काम करत राहिले, आणि जमलंही. पत्ता बदलला, दोघेही चालू झाले, आणि त्या आनंदात हात खाली आला. "शाबास जुळ्यांनो! आता वेगवेगळे राहा आणि भांडू नका."

तिसरी समज आली आणि चौथा प्रश्न उघडायच्या आत पडदा काळा झाला.

दोन दिवसांनी मंडळाचा अहवाल आला. उमेदवाराची तिन्ही उत्तरं बिनचूक होती, आणि हीच गोष्ट मंडळाला संशयास्पद वाटली होती. अहवालात पुढे लिहिलं होतं: "खोलीत किमान चार व्यक्ती असाव्यात. त्यांपैकी एक वयस्कर स्त्री झोपलेली असून तिने काहीतरी गिळलेलं असण्याची शक्यता आहे." हा निर्णय मान्य नसेल, तर उमेदवार एकटाच राहतो असं लेखी सांगणारा एक साक्षीदार आणावा. साक्षीदार गेल्या वर्षभरात उमेदवाराच्या घरी येऊन गेलेला असावा.

तळघरवाले ते पत्र घेऊन पलंगावर बसले. एकटं असल्याचं सिद्ध करायला माणूस हवा होता, आणि माणूस नव्हता म्हणूनच तर ते एकटे होते. घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. त्यांनी वर्षभराचा आढावा घेतला. नळवाला येऊन गेला होता, पण त्याला चौदा महिने झाले होते. दोन महिन्यांनी हुकलं. पेपर टाकणारा दारातूनच जायचा. शेवटी त्यांनी ताईला फोन लावला. ताई लांबच्या गावी असायची.

"अरे, मी येऊन तीन वर्षं झाली," ताई म्हणाली. "खोटं लिहू का?"

"नको."

"त्यापेक्षा कोणीतरी राहतं तुझ्याकडे असंच कबूल करून टाक ना. मला तरी बरं वाटेल."

ताईने दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला.

उरल्या भिंतीपलीकडच्या बाई. त्या कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाल्या होत्या. अकरा वर्षांत तळघरवाल्यांचा त्यांच्याशी संबंध जिन्यात मान हलवण्यापुरता. बाई फार शिष्ट आहेत असं तळघरवाल्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यांनी बेल दाबली. दार उघडून बाईंनी त्यांना पाहिलं मात्र, बाईंचा चेहराच उतरला.

"काय झालं? मावशी गेल्या का?"

"कोण मावशी?"

"तुमच्या! दोन दिवस तुम्ही त्यांना उठवलेलं ऐकलं नाही. म्हटलं, बरं नाही की काय. विचारावं तर तुमच्या घरच्या गोष्टीत मी कशाला नाक खुपसू?"

उंबऱ्यातच तळघरवाल्यांनी सगळं सांगितलं, आणि बाई ऐकता ऐकता कोर्टातल्यासारख्या ताठ होत गेल्या.

"म्हणजे मावशी नाहीत?"

"नाहीत."

"जावई?"

"नाहीत."

"अहो, अकरा वर्षं मी रेडिओ बारीक लावतेय! भिंतीपलीकडे आजारी बाई झोपलीय म्हणून. कधीतरी यावंसं वाटायचं, पण म्हटलं, एवढ्या भरल्या घरात आपण कशाला मध्ये?"

भिंत जेमतेम वीतभर जाडीची होती. इकडे हे त्यांना शिष्ट समजून बसले होते आणि तिकडे त्या संकोचून. तळघरवाल्यांनी घाईघाईने साक्षीदाराचा फॉर्म पुढे केला.

"एवढी सही केलीत तर..."

"सही?" बाईंनी चष्मा लावला. "एकतीस वर्षं मी लोकांची प्रतिज्ञापत्रं तपासली. तुम्ही एकटे राहता हे मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते याच्या बरोबर उलटं. घर बघितल्याशिवाय मी कशावरही सही करणार नाही."

त्याच संध्याकाळी बाई वही घेऊन आल्या. त्यांनी पलंगाखाली पाहिलं, बाथरूममध्ये पाहिलं, मोरीवरचा एकच टूथब्रश पाहून नोंद केली. एक ताट, एक खुर्ची, एक छत्री. प्रत्येक वस्तूशी त्या थांबत आणि लिहीत. तळघरवाले मागून चालत होते. आपल्या घरात एवढंच सामान आहे हे त्यांना दुसऱ्याच्या डोळ्यांनी प्रथमच दिसत होतं.

"आता ती माणसं दाखवा," बाई म्हणाल्या.

तळघरवाल्यांनी कॉम्प्युटर दाखवला. "यातच आहेत सहाही. खरं यंत्र एकच. पण आतल्या प्रत्येकाला वाटतं, सगळं यंत्र आपलंच आहे. दुसरं कोणी आहे याचा पत्ताच नसतो."

"असे दावे आमच्याकडे फार यायचे," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही मध्ये काय करता?"

"कोणाला किती मेमरी, किती डिस्क, ते वाटून देतो. भांडणं होऊ देत नाही."

"म्हणजे न्यायाधीश." बाईंनी तेही लिहून घेतलं आणि दोन पानी जबाब तयार केला.

आठवड्याने मंडळाचं उत्तर आलं. शिक्का मारलेल्या कागदावर लिहिलं होतं: "आपण एकटे राहता, हे मंडळास मान्य आहे. आपणांस पुन्हा परीक्षेस बसता येईल. परीक्षेत बोलण्यास मनाई कायम आहे." तळघरवाल्यांनी पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. हवा होता तोच निकाल मिळाला होता आणि तरी त्यांना फार वाईट वाटलं. इतके दिवस ते एकटे होते, पण ते निदान कागदोपत्री नव्हतं.

"तोंड न उघडता जमेल का तुम्हाला?" बाईंनी विचारलं. आता त्या उंबऱ्यात उभ्या न राहता आत यायच्या, येताना आपली खुर्ची घेऊन.

"नाही जमणार. न बोलता मला विचारच करता येत नाही. टायरच बरे."

"नियमांचं पुस्तक द्या इकडे."

चाळीस पानांचं ते पुस्तक छापल्यापासून कोणी वाचलं असेल तर फक्त बाईंनी. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी नियम एकतीस शोधून काढला. मोठ्याने बोलल्याशिवाय ज्या उमेदवारास विचार करता येत नाही, त्याला एक श्रोता शेजारी बसवता येईल. श्रोता नात्यातला नसावा, त्याला विषयाचं ज्ञान नसावं, आणि परीक्षा संपेपर्यंत त्याने अवाक्षर काढू नये.

"कोर्टात मी दुसरं काय केलं?" बाई म्हणाल्या आणि अर्ज लिहायला बसल्या.

महिन्यातल्या शेवटच्या रविवारी सकाळी दहा वाजता पुन्हा तोच गंजलेला आवाज आला. "घरात आणखी कोणी आहे?"

"आहे," तळघरवाले म्हणाले. हा शब्द उच्चारताना त्यांना उगीचच लाजल्यासारखं झालं.

परीक्षा सुरू झाली. प्रश्न नवे होते. पहिल्यातल्या सर्व्हरला नेटवर्क मिळत नव्हतं. तळघरवाल्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. अकरा वर्षं ते या खोलीत घडाघडा बोलत आले होते, पण समोर खरा माणूस कान देऊन बसलाय म्हटल्यावर जीभ टाळूला चिकटली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. बाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या, धीर द्यावा म्हणूनच, पण त्या नजरेने तळघरवाल्यांना आणखी घाम फुटत होता. वीस मिनिटं गेली तरी पहिला प्रश्न तसाच होता, आणि त्यांना गोदामातल्या टायरच्या राशी दिसू लागल्या.

तेव्हा बाई उठल्या. त्यांनी आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"श्रोत्याने पाठ का फिरवली?" निरीक्षकाने विचारलं.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि न वळता कागद खांद्यावरून कॅमेऱ्याला दाखवला. "तोंड उमेदवाराकडेच असावं असं कोणत्या नियमात आहे?"

पानं चाळल्याचा आवाज आला. बराच वेळ आला. "कुठल्याच नाही," निरीक्षक म्हणाला. "चालू द्या."

त्या पाठीकडे पाहून तळघरवाल्यांचा घसा मोकळा झाला. "बघू या हं," ते म्हणाले. "हिचं कार्ड जोडलेलं आहे. पण जोडलंय कुठल्या स्विचला? अरे, शेजारच्या! दार एकीकडे आणि ही दुसरीकडेच ठोठावत बसलीय." पहिला प्रश्न सुटला. मग दुसरा. घड्याळ सव्वाशे वर्षांच्या माणसासारखं चालावं असं त्यांना वाटत होतं, पण ते धावत होतं. तिसराही सुटला, आणि एक प्रश्न उरला.

चौथ्यात डिस्क गच्च भरून सर्व्हर थिजला होता. "स्नॅपशॉट," तळघरवाले म्हणाले. "यंत्र चांगलं असतानाचा फोटो काढून ठेवतात, बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून. काम झालं की तो मूळ डिस्कमध्ये मिसळून टाकायचा. लोक विसरतात. मग तो फुगत जातो आणि आजच्या दिवसाला जागाच उरत नाही." त्यांनी दुसरीकडची थोडी डिस्क जोडून दिली आणि स्नॅपशॉट मिसळायला लावला. पडद्यावर एक पट्टी उगवली आणि गोगलगायीच्या गतीने सरकू लागली. तिला मध्येच थांबवलं तर सगळंच जाणार होतं. परीक्षा संपायला सदतीस मिनिटं होती आणि पट्टी पस्तीस मिनिटं मागत होती. आता वाट बघण्याखेरीज हातात काही नव्हतं.

बोलायची सवय, त्यात समोर नुसती पाठ. तळघरवाले बोलत राहिले.

"आमच्या घरी दोन खोल्यांत नऊ माणसं होती," ते म्हणाले. "मी सगळ्यांत धाकटा. मला कधी वाक्य पुरं करता आलं नाही. निम्म्यावर गेलं की दुसरं कोणीतरी सुरू व्हायचं. वाईट नव्हतं कोणी, पण माझ्या वाट्याला जागाच यायची नाही."

"उमेदवार," निरीक्षक म्हणाला, "हे प्रश्न क्रमांक चारशी संबंधित आहे का?"

"नाही. थांबू?"

पलीकडे खुर्ची करकरली. "पट्टी त्रेपन्नावर आहे," निरीक्षक म्हणाला. "चालू द्या."

"नऊ वर्षांचा होतो. पहिल्यांदाच एकट्याला बसमध्ये बसवून दिलं. मला झोप लागली. जाग आली तेव्हा बस रिकामी होती. ड्रायव्हर नाही, कंडक्टर नाही, आणि खिडकीबाहेर ओळखीचं काहीच नाही. घरी परत आल्यावर मी हे सांगायला लागलो, तर आई म्हणाली, आधी खाऊन घे. मग वडील रागवले. मग ताई रडायला लागली. तेव्हापासून कितीदा तरी सांगायला घेतलंय. लोक म्हणतात, हो हो, बसमध्ये झोपलास ना, आणि स्वतःचं सुरू करतात. पण खरी गोष्ट झोपायची नाहीच. ती पुढेच आहे." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. आपण हे भिंतीला सांगतोय की पाठीला, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. "बसचं दार उघडंच होतं. मी दप्तर छातीशी धरलं. एक पायरी उतरलो, दुसरी उतरलो, आणि समोर बघतो तर..."

"शंभर!" निरीक्षक ओरडला. "पट्टी शंभरावर गेली! दोन मिनिटं आहेत, घाई करा!"

तळघरवाले दचकले आणि कामाला लागले. सर्व्हर चालू केला, डिस्कवरची जागा तपासली, जोडणी तपासली, उत्तर पाठवलं. अकरा सेकंद शिल्लक असताना त्यांनी 'परीक्षा पूर्ण' वर बोट दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'उत्तीर्ण' असं उमटलं आणि खाली प्रमाणपत्राचा क्रमांक आला. सर्व्हरची खोली त्यांचीच राहिली होती. त्यांना आनंद झाला, पण वाक्य पुन्हा निम्म्यावरच तुटलं होतं, आणि सवयीने त्यांनी ते सोडूनही दिलं.

"झालो पास," ते म्हणाले. "आता बोललात तरी चालेल, बाई. परीक्षा संपली."

बाईंनी खुर्ची फिरवली. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "समोर बघता तर काय?"

निरीक्षकाला नियमाप्रमाणे दहा सेकंदांत संपर्क तोडायचा होता. त्याने तो तोडला नव्हता.

"हो," कॉम्प्युटरमधून आवाज आला. "काय होतं समोर?"